टरफलांची साक्ष

१ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

तुला एक आजी आहे. उंचीला बेताची, दातांनी अधू, तोंडाने धडधाकट. आठवतेय का? नसेल तर आधी तुझ्या बापाला विचारून खात्री करून घे आणि मग पुढे वाच, उगाच परक्या बाईचं पत्र वाचल्याचा दोष नको. तीस पेशंटांच्या गोळ्या म्हणे तुला तोंडपाठ असतात, सकाळची कुठली, झोपतानाची कुठली. त्याच यादीत खाली मला घाल. महिन्यातून एकदा, जेवणानंतर, एक आजी.

फोनवर तू विचारतेस, "गुडघे कसे आहेत?" मी म्हणते, "दोन्ही आहेत." आणि आपलं बोलणं संपतं. अकरा वर्षं आपण गुडघ्यांवरच काढली. म्हणून हे पत्र. मला अक्षर येत नाही, तेव्हा लिहितायत ते आमच्या समोरच्या दारातले स्टेनो. चौतीस वर्षं कोर्टात बसून लोकांच्या साक्षी उतरवल्या त्यांनी. त्यांची अट एकच, मावशी, हळू बोला. माझीही एकच, माझं वाक्य सुधारायचं नाही. मान हलवली त्यांनी. मान हलवली हेही लिहितायत की काय, कोण जाणे.

तर ऐक. तुझा बाप काल येऊन बसला. निम्मा चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "आई, पोरीने मोठं काम केलंय." तुमच्या इस्पितळात गोळ्या वाटताना नर्सशी कुणी मध्येच बोललं की मोजणी चुकते, हे तू शोधून काढलंस म्हणे. मग दंडाला पिवळी पट्टी बांधायची पद्धत घातलीस. पट्टी दिसली की डॉक्टरनेसुद्धा तोंड उघडायचं नाही. चुका निम्म्याहून कमी झाल्या. आता तेवीस तारखेला मोठं चर्चासत्र आहे, गावोगावचे इस्पितळवाले येणार आहेत, आणि त्यांना पटलं तर पट्टी सगळीकडे जाईल.

मी म्हटलं, "मग तोंड का असं?"

म्हणाला, "ती बोलणार नाही. कागद तिने लिहिलाय, वाचणार मोठ्या सिस्टर. हिचा घसा बसतो म्हणे."

घसा बसतो! लहानपणी तुझा घसा एकदा तरी बसावा म्हणून अख्खा जिना वाट बघायचा.

मोठ्या सिस्टर कशा वाचतात ते विचारलं मी. तो म्हणाला, "आकडे नीट वाचतात." संपलंच. भिंगरी, आकडे नीट वाचणाऱ्या माणसांनंतर मी किती झाडलंय याची तुला कल्पना नाही.

म्हणजे आहे. शाळा सुटली की तू तिथेच तर असायचीस, शेवटच्या रांगेत दप्तर उशाला घेऊन. पण मी काय बघायचे ते तुला कधी सांगितलं नाही. अठ्ठावीस वर्षं त्या सभागृहात माझी तीन कामं: बोलणाऱ्यापुढे पाणी ठेवणं, वेळ झाली की घंटा वाजवणं, आणि सगळे गेले की झाडणं. भाषण कसं झालं हे लोक दाराशी सांगायचे. मला जमीन सांगायची. फाटकाबाहेर शेंगावाला बसायचा. येणारा प्रत्येक जण खिसाभर शेंगा घेऊन आत यायचा. जीव रमला नाही की हात खिशात जातो. टरफलं खाली. शिवाय तिकिटाचे तुकडे, कागदाच्या होड्या, सुपारीची कागदं. एक नावाजलेले वक्ते होते. आवाज असा की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. टाळ्यांवर टाळ्या. आणि नंतर घोट्याएवढी टरफलं! टाळी हाताने वाजते बाई, त्या वेळी तोंडात शेंग असू शकते.

आणि एकदा एक मधमाश्या पाळणारी बाई आली होती. आवाज एवढासा. पहिल्या वाक्याला मागचे ओरडले, "ऐकू येत नाही!" तिने आवाज वाढवला नाही. थांबली, आणि तेच वाक्य तेवढ्याच आवाजात पुन्हा म्हणाली. लोक पुढे वाकले, खुर्च्यांची करकर थांबली. त्या दिवशी झाडायला गेले तर काही नाही. तुझे आजोबा वर दिव्यांच्या खोलीतून ओरडले, "अगं, झाडायचं सोडून उभी का?" म्हटलं, "झाडू काय? हवा?"

आज एवढंच. स्टेनोंचा हात दुखत नाही, पण त्यांच्या बायकोने दोनदा दार उघडून बघितलं.

तुझी, विसरलेली,
आजी


५ नोव्हेंबर

भिंगरी,

उत्तराची वाट बघत नाहीये. तशी सवय तू लावलीच नाहीस.

आज कामाचं सांगते. बोलायला उभी राहिलीस तर पहिली गोष्ट, आभार मानत बसू नकोस. अध्यक्ष, उपाध्यक्ष, व्यासपीठ, व्यासपीठावरची फुलदाणी... इतक्यात पहिली रांग सोलायला लागलेली असते. "दोन शब्द बोलतो" म्हणणारा तासाभराने बसतो, आणि "शेवटी" हा शब्द तीनदा म्हणणाऱ्याचा शेवट चौथ्यांदा येतो. पाणी बोलण्याआधी पिऊन घे. मध्ये पेल्याला हात घातलास तर सगळे तुझा घोट मोजत बसतात. बघताना पहिल्या रांगेकडे नको, ती रांग मानासाठी येते. सगळ्यात मागे दाराशी जो उभा असेल ना, झाडूवाला, पहारेकरी, कुणीही, त्याला सांग. त्याला कळलं तर मधल्यांना कळणारच.

आणि मुख्य म्हणजे आकड्यांआधी माणूस आण. तुझ्या बापाने मला आकडे सांगितले, ते मी चहाबरोबर गिळले. मग तो उठता उठता म्हणाला, "मुळात तिच्याच हातून चूक झाली होती, त्यातून हे सगळं सुरू झालं." त्यावर मी त्याला परत खाली बसवला. तू गोळ्या मोजत होतीस. सहावी मोजली, आणि मागून कुणीतरी विचारलं, "सिस्टर, चहा झाला का?" तू म्हणालीस, "नाही अजून." आणि सातवी मोजायच्या जागी परत सहावी मोजलीस. एका म्हाताऱ्याला एक गोळी जास्त गेली. तीन दिवस तू त्याच्या उशाशी होतीस. वाचला तो.

हे कागदात आहे का? तुझा बाप म्हणतो, नाही. कागदात "काही प्रसंगी" असं आहे. काही प्रसंगी! भिंगरी, त्या "चहा झाला का"मध्ये अख्खं भाषण आहे, आणि तू ते सहा पानांखाली पुरून ठेवलंयस.

आता मी कोण तुला बोलणारी, असं तू म्हणशील. खरं आहे. सभागृहातल्या त्या शाळांच्या स्पर्धेबद्दल आपण कधी बोललो नाही. सात मिनिटांची वेळ होती, वेळ संपली की दोन टोले, आणि दोन टोले पडले की खाली उतरायचं. दोन टोले पडले, तू उतरलीस. नियम तो नियम. वेळ झाली होती.

स्टेनो, जरा थांबा. हे लिहू नका. वेळ झाली नव्हती. मला अक्षर येत नाही, पण घड्याळाचे काटे येतात. सहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. पोर मध्येच थांबली, मला वाटलं अडकली. तीनशे लोकांसमोर तिची शोभा नको म्हणून मीच दोन टोले दिले. म्हटलं, लोकांना वाटेल वेळ संपली. घरी आल्यावर तिने विचारलं, "आजी, खरंच वेळ झाली होती?" मी म्हटलं, "हो." स्वयंपाकघरातल्या घड्याळावर मीच महिनाभर तिची तयारी करून घेतली होती हो. सात मिनिटं केवढी असतात ते तिला नसेल का ठाऊक? त्यानंतर पोर कधी चार माणसांसमोर उभी राहिली नाही. नाही, नाही, हे लिहू नकाच. काय लिहिताय मग? पेन चालतंय तुमचं. बरं, तारीख घालताय. हं. लिहा: थंडी पडायला लागली आहे, अंगावर शाल घेत जा.

आजी


१२ नोव्हेंबर

भिंगरे,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, चिठ्ठी. स्टेनोंनी वाचून दाखवली: "आजी, ते मी तेव्हाच ओळखलं होतं. पण तू अजून सगळं सांगितलेलं नाहीस. मी अडकले होते असं तुला कधीपासून वाटतं?"

मी विचारलं, "हिने काय ओळखलं होतं?"

स्टेनो खाली बघायला लागले. म्हणाले, "वेळेचं."

"ते तुम्ही लिहिलंत?"

"मावशी, चौतीस वर्षांची सवय. साक्षीदार म्हणतो, साहेब हे लिहू नका. ते तर आम्ही आधी लिहितो."

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिलेलं असेलच, तेव्हा पुन्हा सांगत नाही. दोन दिवस दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यांची बायको आली. म्हणाली, "मावशी, आमचे हे घरात काही बोलत नाहीत, तुमच्याकडे निदान लिहितात तरी. बोलवा हो परत." बोलावलं. आता ते समोर बसलेत आणि मी ठरवलंय, जे बोलीन ते लिहिलं जाणार असं धरूनच बोलायचं. या वयात असली सवय लागते हे मला माहीत नव्हतं.

तर सगळं सांगते.

विषय होता "माझ्या घरातलं एक माणूस". तू तयारी करताना बापावर बोलायचीस. शेवटच्या आठवड्यात म्हणालीस, "आजी, आता मी एकटीच करते." मला वाटलं, मोठी झाली. त्या दिवशी तू उभी राहिलीस आणि तुझ्या आजोबांवर बोलायला लागलीस. त्यांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. वरच्या दिव्यांच्या खोलीत नवा माणूस बसला होता आणि मी वर बघायचं टाळत होते.

तू सांगितलंस, सभा संपली की आजोबा वरून मागच्या रांगेपासून पुढेपर्यंत एकेक दिवा घालवत यायचे. शेवटचा ठेवायचे, माझं झाडून होईपर्यंत. आणि मग वरून विचारायचे, "झालं का तुझं?"

तिथे तू थांबलीस.

भिंगरी, तू अडकली नव्हतीस. अडकलेलं माणूस मी अठ्ठावीस वर्षं बघितलंय. ते वर बघतं, ओठ चाटतं, पदर नाहीतर कॉलर ओढतं. तू सरळ उभी होतीस, हात खाली, आणि माझ्याकडे बघत होतीस. सभागृहात एक खुर्ची वाजली नाही. ती शांतता तू केली होतीस, सोळा वर्षांच्या पोरीने. आणि मला ती सोसली नाही. मला वाटलं आता वरून आवाज येईल, किंवा येणार नाही. दोन्ही नको होतं मला. हात घंटेवर होताच.

ती मी तुझ्यासाठी वाजवली नाही. माझ्यासाठी वाजवली. तुझ्यासाठी वाजवली हे नंतर बनवलं, आणि इतक्या वेळा स्वतःला सांगितलं की स्टेनोंनासुद्धा खासगीत तेच सांगितलं.

अजून एक राहिलं. सगळे चहाला बाहेर गेल्यावर मी झाडायला घेतलं. तुझ्या आधी आठ पोरं बोलली होती, तुझ्यानंतर चहाची सुट्टी झाली होती. ठिकठिकाणी टरफलं होती, पण वाळलेली, बुटांखाली चुरडलेली, आधीची. त्यांच्यावर ताजं काही नव्हतं. तीनशे माणसांनी तुझ्या सहा मिनिटांत एक शेंग फोडली नव्हती. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. घरी येऊन एवढं जरी सांगितलं असतं तरी तू आज घसा बसतो म्हणाली नसतीस. पण ते सांगायचं तर घंटेचंही सांगावं लागलं असतं. म्हणून केर उचलला आणि गप्प बसले.

आता तुला मी काही शिकवत नाही. फक्त एक विचारते. अकरा वर्षं मला ठाऊक करून घ्यायचंय, "झालं का तुझं?" याच्यापुढे तू काय म्हणणार होतीस? नसेल सांगायचं तर नको सांगू. गुडघे दोन्ही आहेत.

आजी


१९ नोव्हेंबर

भिंगरी,

तुझं पत्र स्टेनोंनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच वाचलं.

"पुढे काहीच नव्हतं, आजी. तिथेच संपत होतं. आजोबा विचारून झालं की दहापर्यंत मोजायचे आणि मग शेवटचा दिवा घालवायचे, आठवतं? मी मनात दहा मोजणार होते आणि खाली उतरणार होते. तू सातला वाजवलीस."

सातला!

मी हसले. स्टेनो पेन खाली ठेवून बसले होते. त्यांनी पेन खाली ठेवलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

ते दहा मोजायचे हे मला ठाऊकच नव्हतं गं. मी खाली केर भरत असायचे. मला वाटायचं, दिवा घालवायला उशीर का करतात, वय झालं. तू शेवटच्या रांगेत, त्यांच्या खोलीच्या अगदी खाली, दप्तरावर डोकं ठेवून त्यांच्याबरोबर मोजायचीस आणि मला वाटायचं पोर झोपलीय. एकाच सभागृहात आपण तिघं होतो आणि मी फक्त जमीन बघत होते.

तू पुढे लिहिलंयस, "तुम्ही वाचू नका, असं मोठ्या सिस्टरना अजून सांगितलेलं नाही. पण विचार करते आहे. तिथे घंटा नसते, वेळ संपली की लाल दिवा लागतो. चूक माझी होती हे सांगितलं तर लोक काय म्हणतील याची भीती वाटते."

काय म्हणतील ते सांगते. दाराशी म्हणतील, "धीट आहे हो पोरगी." काही म्हणतील, "सांगायला नको होतं." ते जाऊ दे. पण सभेत तीस-चाळीस नर्सा बसलेल्या असतील आणि त्यांच्यातल्या प्रत्येकीच्या पोटात एकेक सातवी गोळी असेल. "काही प्रसंगी" ऐकून त्या पर्स चाचपतील. "मी सहावी मोजली आणि कुणी विचारलं, चहा झाला का" असं म्हणालीस तर त्या हलणार नाहीत. मोठ्या सिस्टर चांगल्याच असतील, पण ती गोळी त्यांच्या हातून गेलेली नाही. त्यांना ते वाचता येईल, सांगता येणार नाही.

माझं बघ. माझी चूक मी अकरा वर्षं नीट घडी घालून ठेवली होती. एका स्टेनोच्या सवयीमुळे बाहेर पडली, आणि तुझी दोन पत्रं आली. आधीच्या अकरा वर्षांत किती आली होती, मोज. पेशंटांच्या गोळ्यांपेक्षा सोपं आहे.

लाल दिव्याला भिऊ नकोस. आणि थांबायचं तिथे थांब. पूर्ण दहापर्यंत. तिथे मी नाहीये.

आजी


२६ नोव्हेंबर

भिंगरी,

तुझ्या बापाने तेवीसला संध्याकाळी येऊन सांगितलं, "बोलली. स्वतः बोलली." मी विचारलं, "कसं झालं?" म्हणाला, "छान झालं म्हणाले सगळे." मी म्हटलं, "सगळे कुठे म्हणाले, दाराशी का?" बिचारा गोंधळला. तो जमिनीवर कधी बघत नाही, तुझ्या आजोबांवर गेलाय.

मग काल तुझं पत्र आलं. तू लिहिलंयस की आधी म्हाताऱ्याचं सांगितलंस, आकडे नंतर. "चहा झाला का" म्हणून झाल्यावर थांबलीस, आणि मनात मोजताना आठपर्यंत पोचलीस तेव्हा पुढून कुणीतरी खोकलं, म्हणून नऊ आणि दहा घाईत झाले. चालेल. सातच्या पुढे गेलीस. आणि दोन इस्पितळांनी पट्टी मागितली, बाकीचे "कळवतो" म्हणाले. कळवतो म्हणणारे मला माहीत आहेत, त्यांच्या खुर्च्यांखाली सगळ्यात जास्त टरफलं असतात. पण दोन म्हणजे कमी नाही. मोठ्या सिस्टर नंतर तुझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "माझीही एक सातवी गोळी आहे, तेवीस वर्षांपूर्वीची." हे वाचताना स्टेनोंचं बोट त्या ओळीवरच राहिलं. त्यांना विचारलं, तुमचीही आहे का काही? म्हणाले, "मावशी, हे लिहू का?" म्हटलं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

भाषणाचा व्हिडिओ पाठवते म्हणालीस, स्टेनोंच्या फोनवर. पाठव. पण मला तो एकटीने बघायचा नाहीये. एकटीने ऐकलं तर मला सगळं चांगलंच वाटणार, आजी आहे मी, माझ्या मताला काय किंमत? रविवारी दुपारी माझ्या खोलीत बसवते सगळ्यांना: स्टेनो, त्यांची बायको, खालचा शिंपी, त्याची बहीण, आणि वरच्या मजल्यावरच्या त्या बाई ज्यांना काहीच आवडत नाही. त्या मुख्य. सकाळी खोली स्वच्छ झाडून ठेवीन. लाल दिवा नाही, घंटा नाही, मी पण काही बोलणार नाही. तोंड बंद ठेवण्यासाठी दंडाला पिवळी फडकी बांधीन.

तेव्हा आता नीट ऐक आणि विसरू नकोस. एक किलो भुईमुगाच्या शेंगा पाठव. भाजलेल्या, सालासकट. खारवलेल्या नकोत, माणसं पाणी मागायला उठतात आणि परीक्षा खोटी पडते. सोललेले दाणे तर मुळीच नकोत, त्यांचा पुरावा राहत नाही. सगळ्यांच्या हातात मूठमूठ देईन, फोन लावीन, आणि संपलं की झाडू घेईन. जेवढ्या उरतील तेवढ्या डब्यात घालून ठेवते. माझ्याने फोडवत नाहीत, मला दात नाहीत. तू आलीस की फोडून दे.

आजी